कडव्याआधीचा श्वास

दुसऱ्या पाळीची बस नाशिक फाट्याचा पूल उतरत होती, तेव्हा शेजारच्या सीटवर रणजीतच्या मोबाईलमधून कुणीतरी श्वास घेतला, आणि तो श्वास आपला आहे हे सुजितला कळलं. माणसाला स्वतःचा आवाज परका वाटतो म्हणतात, पण श्वासाचं तसं नसावं. अर्धवट चोंदलेल्या नाकातून ओढलेला, शेवटाला बारीक शिट्टी असलेला, पोट भरून घेतलेला श्वास. विहिरीत उडी मारणारा घेतो तसा. फरक एवढाच की उडी नव्हती. श्वासानंतर आवाज यायला हवा होता, तिथं थेट ऋतिकचा आवाज आला: 'आम्ही कोण? गेटपासावरचा नंबर. आमचं गाव? जिथं बस जाईल तिथवर.' रणजीतने अंगठ्याने ते परत पहिल्यापासून लावलं. परत श्वास. परत ऋतिक. दुसऱ्या प्लांटवरून नुकताच बदलून आलेला हा फिटर चांगला माणूस होता, पण जगात हेडफोन नावाची वस्तू निघाली आहे ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. "काय लावलंय राव पोरांनी," तो म्हणाला. "आपल्या पिंपरीचीच हायेत म्हणे." सुजित म्हणाला, "जुनं आहे ते." "तुला रे काय माहीत?" रणजीतने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या रीलवर गेला, तिथं एक बाई कोबी चिरत होती.

एरवी अशी संधी सुजितने सोडली नसती. माणसं फ्लॅट घेतात, गावाकडे गुंठे घेतात. सुजितने इतक्या वर्षांत एकच स्थावर कमावलं होतं, ते म्हणजे गाऱ्हाणं. 'त्या गाण्यात माझं कडवं होतं. ऋतिकने कापलं. मोठा झाला, मला कापून मोठा झाला.' हे गाऱ्हाणं त्याने बसमध्ये सांगितलं होतं, कँटीनमध्ये सांगितलं होतं, मुलगी बघायला गेला तेव्हा चहाचा कप खाली ठेवण्याआधी तेजलला सांगितलं होतं. तेजलला तेव्हा ते आवडलं होतं. ज्याच्यावर अन्याय झालाय असा नवरा अगदीच सपाट नसणार, असा तिचा हिशेब. गाऱ्हाण्याचा फायदा असा की ते राखायला काही करावं लागत नाही. नुसतं अधूनमधून बाहेर काढून झटकायचं. पण परवा ऋतिकचा फोन आला, आणि त्या एका फोनने हे स्थावर धोक्यात आलं. रॅपर झालेला ऋतिक आता पोस्टरवर नुसता 'ऋ' होता, बाकीची अक्षरं त्याने गरज नाही म्हणून काढून टाकली होती. फोनवर मात्र तो अजून संत तुकाराम नगरच्या कट्ट्यावरचाच होता. "भावा, आपलं गाणं परत उठलंय बघ. रविवारी हिंजवडीत स्टुडिओ घेतलाय. तुझा व्हर्स परत घालू, पूर्ण गाणं सोडू. माऊलीची फाईल तर गेली, तू येऊन म्हणून जा." आणि फोन ठेवता ठेवता, "शुक्रवारच्या तुझ्या पाळीआधी कळव हां. नायतर तिथं मला दुसरं कुणीतरी बसवावं लागेल."

आज शुक्रवार. पाळी सुरू झाली की मोबाईल लॉकरमध्ये जायचा, म्हणजे हातात होता तो एवढा बसचा प्रवास आणि वर थोडं. आणि अडचण साधी होती, लाजिरवाणी होती: सुजितला ते कडवं आठवत नव्हतं. पहिल्या दोन ओळी येत होत्या, त्या कायमच येत होत्या, दात घासताना, मशीनवर, लेकीला, संस्कृतीला झोपवताना. तिसरी ओळ यायची त्या जागी पांढरं. जे कापल्याबद्दल इतकी वर्षं दुनियेला शिव्या घातल्या तेच याच्यापाशी नव्हतं. आज जेवताना तेजलने ताटात भाजी वाढता वाढता विचारलं होतं, "त्यानंच कापलं ना तुम्हाला? मग आता तोच कशाला बोलावतोय?" आवाजात काही नव्हतं, पण तेजल प्रश्न विचारून दुसरीकडे बघते तेव्हा तिला उत्तराचा अंदाज आलेला असतो. "फायदा दिसला असेल," सुजित म्हणाला. "बरं," ती म्हणाली. 'बरं' हा तिच्याकडचा सगळ्यात जड शब्द.

बस भोसरीतून सरकत होती. सुजितने डोकं काचेला टेकवलं. काचेची थरथर दातांत उतरली आणि तिच्याबरोबर ती दुसरी थरथर आली, कापूस पिंजायच्या मशीनची. माऊली हा त्यांच्यातला तिसरा, त्याच्या काकांचं गादीचं दुकान. पुढे शटर, मागे पत्र्याची लांबट खोली, आणि खोलीत भिंतीला लावून उभ्या केलेल्या गाद्या, एकावर एक उशा, पोत्यांत कापूस. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच विझायची. हे पहिल्यांदा माऊलीच्या लक्षात आलं. तो म्हणाला, लोक स्टुडिओला भिंतीत कापूस घालतात, आपल्याकडे भिंतच कापसाची आहे. माऊली असा होता. दिवसात एकदा बोलायचा आणि तेवढ्यात काम करून जायचा. जुना कंप्युटर त्याने तिथं आणला, एक माईक आणला, गादी शिवायचा लांबलचक दाभण एका उभ्या गादीत खोचून त्याला तो माईक बांधला आणि माईकवर ऋतिकचा मोजा चढवला. मोजा ऋतिकचाच का, यावरून तीन दिवस हसणं झालं. बीट म्हणजे मशीन बंद करताना तिचा पट्टा जो मंदावत मंदावत आपटतो तो आवाज, माऊलीने पकडून गोल फिरवलेला. धप, धप्-धप, धप. ऐकणाऱ्याला वाटावं ढोल. होता चामड्याचा पट्टा.

पण मशीन चालू असताना काही होणं शक्य नव्हतं. म्हणून गाणं व्हायचं ते काका जेवायला बसले की. सावळाराम काका मूळचे उदगीरचे. मशीन बंद करायचे, हातपाय धुवायचे, शटरपाशी वर्तमानपत्र अंथरून डबा सोडायचे, आणि त्यांचं जेवण होईतो आतली खोली या तिघांची. तिघं गाद्यांच्या मध्ये शिरायचे, अंगावर आणखी एक गादी आडवी घ्यायचे, आणि त्या उबदार, सरकीच्या वासाच्या काळोखात नाकात कापूस जात असताना घाईघाईने जगाला शिव्या द्यायचे. नियम एकच: एका दमात म्हणायचं. कारण कलेचं नव्हतं. तोडून जोडायला माऊलीला नीट येत नव्हतं आणि काकांची भाकरी संपत आलेली असायची. मध्ये हसला त्याची पाळी गेली. ऋतिक हमखास हसायचा. सुजित कधीच नाही. सुजितचा दम मोठा होता, त्याचं कडवं संपेस्तोवर बाकीच्या दोघांच्याच छातीत कळ यायची. बाहेरून काका म्हणायचे, "गाणं म्हणायलाव का भांडायलाव रे? चाल कुठाय ह्याला?" ऋतिक आतून ओरडायचा, "काका, चाल मागून येतीया." "मागून येत असती तर आतापोत्तर पोचली असती," काका म्हणायचे आणि लोणच्याची फोड चोखत बसायचे. पुढे पुढे त्यांचं जेवण लांबत गेलं. विचारलं तर म्हणाले दाढ दुखते. महिनोन्महिने दुखणारी ती दाढ त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही, आणि या तिघांपैकी कुणी त्यांना कधी थँक्यूही म्हटलं नाही. त्या वयात माणसाला फक्त येणं दिसतं, देणं दिसत नाही.

सुजित तेव्हा चाकणच्या कंपनीत कंत्राटी होता, प्रेस शॉपमध्ये. पत्रा आत सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून डायचा लोखंडी साचा येऊन आदळायचा, पीस बाहेर. पुन्हा पत्रा. हाताला लय लागली की मेंदू सुटा व्हायचा आणि सुट्या मेंदूत ओळी जमायच्या. लाईनवर सुपरवायझर होते नानासाहेब. जवळच्याच वाडीतले, प्लांटच्या भिंतीवरून त्यांच्या घरावरची पाण्याची टाकी दिसायची. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती, त्यांच्या तरुणपणीच्या मशीनला हात बाहेर ठेवायला लावणारी दोन बटणं नसायची. उरलेल्या बोटांनी ते कुणाकडे तरी रोखून ओरडायचे तेव्हा नेमकं कुणाला ते कळायचं नाही आणि चौघं दचकायचे. पाळीच्या शेवटी ते प्रत्येक मशीनपाशी येऊन तेवढंच विचारायचे, "पीस किती?" या दोन शब्दांखेरीज नानासाहेबांचं माणसांशी दुसरं बोलणं असेल असं पोरांना वाटत नव्हतं. सुजितचं कडवं तिथून निघालं:

नाना विचारतो पीस किती, पीस किती, पीस किती,
घरी गेल्यावर आई मोजते बोटं किती, बोटं किती.

आणि मग? मग पांढरं. मोशीत बस थांबली. पुढे ट्रक, ट्रकपुढे ट्रक, इंद्रायणीच्या पुलापर्यंत नुसती लाल दिव्यांची रांग भर दुपारी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. रणजीतचा मोबाईल छातीवर पडला होता आणि तो तोंड उघडं ठेवून झोपला होता. गाडी चालू असली की माणसाला स्वतःपासून थोडं पुढे पुढे राहता येतं. थांबली की मागचं येऊन गाठतं. कडवं कापलं त्या दुपारचं असं काही होतं, जे सांगताना सुजित नेहमी वगळत आला होता. आधी लोकांना सांगताना, मग आठवतानाही.

गाणं माऊलीने नेटवर चढवलं आणि आठवडाभरात ते बसमध्ये पोचलं. पोरं मशीनवर पुटपुटायला लागली, पीस किती, पीस किती. सुजित हवेत होता. मग लाईनवरचा एक जण डबा धुता धुता सहज म्हणाला, "नानांना ऐकवू का?" सहजच म्हणाला, हसत. सुजितही हसला. आणि पुढे कितीतरी वेळ त्याला हाताखालची मशीन ऐकूच आली नाही. कारण तेव्हा कंत्राटातून कायम करायची यादी निघणार अशी हवा होती, आणि यादीत नाव जायचं ते सुपरवायझरच्या तोंडून, असं सगळे मानून होते. आणि कडव्यात पुढे नानांच्या हातावर काहीतरी होतं. काय होतं ते आता आठवत नव्हतं. पण त्या दुपारी ते आठवत होतं, शब्द न् शब्द, आणि प्रत्येक शब्दाला नानांचा चेहरा लागत होता. पाळी सुटली तसा तो घरी न जाता थेट गादीच्या दुकानात गेला. "काढा ते," तो म्हणाला. "माझं कडवं काढा. आत्ता." ऋतिक आधी हसला, मग चिडला. "येडा झाला का तू? तो व्हर्स काढला तर गाण्यात उरतं काय? माझी बडबड?" हो, ऋतिकच असं म्हणाला होता, जो पुढे आयुष्यभर सुजितच्या तोंडी कापणारा ठरला तो. "तुझं काय जातंय," सुजित म्हणाला, "तुझ्या बापाची रिक्षा आहे. मला कायम व्हायचंय." ऋतिक उठून बाहेर काकांपाशी जाऊन बसला. कंप्युटरपाशी माऊली. त्याने न विचारता कडवं निवडलं, कापलं, खालीवर बघितलं, स्क्रीनवरच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं आणि टोपलीही रिकामी केली. मग जोडलेलं वाजवून दाखवलं. कडव्याच्या जागी नुसता सुजितचा श्वास, आणि लगेच ऋतिक. "तो पण काढ," सुजित म्हणाला. माऊलीने मान हलवली. "श्वासात कुणाचं नाव येत नाही," तो म्हणाला. "तेवढा राहू दे."

यादी निघाली. सुजित कायम झाला. त्याच यादीत ज्यांनी जन्मात तोंड उघडलं नव्हतं असे लोकही कायम झाले आणि दोघं असे झाले जे नानांच्या लाईनवर नव्हतेच. यादी वर कुठेतरी ऑफिसात बनली होती. नानांना ती पोरांबरोबरच नोटीस बोर्डावर वाचायला मिळाली. हे कळलं तेव्हा सुजितने एक गोष्ट केली, जी माणसं करतात. नुकसान तर झालंच आहे, मग ते कुणाच्या तरी नावावर टाकून द्यावं. ऋतिक तोवर पुढे निघून गेला होता, त्याचं नाव मोकळं होतं. माऊलीच्या काकांचं दुकान फोमच्या गाद्यांनी मिटवलं आणि माऊली फोमच्याच एका शोरूममध्ये लागला. त्याच्या नावावर काही टाकण्यात मजा नव्हती.

बस सुटली. पूल ओलांडला, आळंदी फाटा मागे पडला. गेटवर उतरताच सिक्युरिटीने सांगितलं, सगळे कँटीनमध्ये, नानासाहेबांचा निरोपसमारंभ आहे. सुजित हे विसरला होता. अगदी खरं सांगायचं तर विसरलेला नव्हता, टाळत होता. निवृत्तीचा कार्यक्रम दोन पाळ्यांच्या मधल्या फटीत करायची कंपनीत रीत होती, म्हणजे जाणारे आणि येणारे दोन्ही हजर राहतात आणि उत्पादन थांबत नाही. कँटीनमध्ये सांबाराचा वास, पुढे चार खुर्च्या, खुर्चीत नानासाहेब नव्या टोपीत, शेजारी त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई पदर घट्ट धरून, जणू फोटो अजून संपलेला नाही. मॅनेजरसाहेब नानांविषयी जे बोलले ते कुणाविषयीही बोलता आलं असतं. शाल झाली, नारळ झाला, मिक्सर झाला. मग नानांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, माईककडे संशयाने बघितलं आणि तो बाजूला सारला.

"मी काय बोलनार," ते म्हणाले. "मला दोनच सबुद येत्यात, तुमाला ठावं हायेत." लोक हसले. मग त्यांची नजर फिरत फिरत थांबली आणि उरलेली बोटं वर आली. चौघं दचकले. "सुज्या. ए. तू. म्हन की ते तुझं गानं. माझ्यावरलं."

सुजितने विचारलं, "कोणतं, नाना?"

"कोनतं म्हंजे? पीस किती." नाना रुक्मिणीबाईंकडे वळले, "ह्योच त्यो." आणि परत याच्याकडे, "तवा तुमच्यातल्या एकानं माझ्या मोबाईलात घालून दिलंतं. त्यो मोबाईल हिरीत पडला. नातवाला दाखवाया म्हनून आता नेटावर बघाय गेलो तर माझंच तेवढं न्हाई. नुसता श्वास घ्येतोस अन् गप. का रं काढलंस?"

सगळी कँटीन याच्याकडे बघत होती. रणजीत तर तोंड उघडं ठेवून, बसमधल्यासारखंच, फक्त आता जागा. ऋतिकचं नाव जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपोआप पुढे आलं होतं, चहाच्या कपासारखं. "भ्यालो, नाना," सुजित म्हणाला.

"कुनाला?"

"तुम्हाला."

"मला?" नानांनी कँटीनला साक्षी ठेवून विचारलं. "आरं मला ही रुक्मिणी भ्येत न्हाई." हसण्याचा लोंढा आला आणि गेला. "बरं, म्हन आता."

"येत नाही, नाना. विसरलो."

नानासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. पीस कमी निघाल्यावर बघायचे तसंच. मग त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणायला लागले. बीट नाही, घाई नाही. भजनात मागच्या रांगेत बसणारा माणूस म्हणतो तसं, प्रत्येक ओळीच्या शेवटाला आवाज जरा लांबवत. पीस किती झालं, बोटं किती झालं. आणि जिथं पांढरं होतं तिथं न थांबता पुढे गेले:

नानाचा पंजा बघून शिकलो, आठावर थांबतो पाढा,
मशीन म्हणते आणखी एक, भोंगा म्हणतो हात काढा.

'पंजा' म्हणताना त्यांनी पंजा वर धरला. कुणी हसलं नाही. पुढच्याही सगळ्या ओळी त्यांना येत होत्या, एखादा शब्द इकडचा तिकडे, पण येत होत्या. सुजित आपलीच ओळ दुसऱ्याच्या तोंडून, गावाकडच्या हेलात येताना ऐकत होता आणि प्रत्येक ओळ आली की त्याला वाटायचं, हो, ही, हीच. आणि लगेच वाटायचं की ही आता माझी राहिलेली नाही, मी सांभाळली नाही ती या माणसाने सांभाळली. ज्या ओळीपायी जीव घाबरा झाला होता ती ओळ या माणसाने इतकी वर्षं पाठ ठेवली होती. म्हणून झाल्यावर नाना बसायला लागले, पुन्हा उठले. "हितं समद्यांनी मला पीस इचारले," ते म्हणाले. "सायबांनी इचारले, मीबी तुमाला इचारले. बोटं ह्या पोरानं इचारली." आणि बसले. रुक्मिणीबाईंनी त्यांचा तो हात पदराखाली ओढून घेतला, थंडी असल्यासारखा.

बाहेर फुलं लावलेली कंपनीची गाडी उभी होती. नानांचं घर समोर दिसत होतं, चालत गेले असते तर गाडीचं दार लावायच्या आत पोचले असते. पण निवृत्त माणसाला गाडीतून घरी सोडायचं ही रीत, म्हणून ड्रायव्हर त्यांना हायवेने लांबून वळसा घालून नेणार होता. गाडी गेटबाहेर उलट्या दिशेला वळली. "म्हणजे तो तूच?" रणजीतने मागून विचारलं. "तो श्वासवाला?" सुजितने मान हलवली. "मग सकाळधरनं बोलला का न्हाईस?" रणजीतची सकाळ दुपारी सुरू व्हायची. सुजित लॉकरकडे वळला, आणि खूप वर्षांनी त्याला वाईट वाटलं नाही, फक्त थकवा आला. लांबून काहीतरी उचलून आणल्यावर खाली ठेवतानाच हात दुखायला लागावेत तसा.

लॉकरपाशी तो एकटाच मागे राहिला. मोबाईल हातात. त्याने दाराकडे बघितलं, लॉकरच्या पत्र्याकडे तोंड केलं आणि श्वास घेतला. शिट्टी अजून होती. मग हळू आवाजात म्हणायला लागला. पीस किती. बोटं किती. नानाचा पंजा. आठावर. आणि आठावर छाती रिकामी झाली. पत्र्याला हात टेकवून तो तसाच उभा राहिला, कुणी बघत नाही ना हे बघितलं, दुसरा श्वास घेतला आणि उरलेलं पुरं केलं. दुसऱ्या श्वासानंतरच्या ओळी पहिल्यांपेक्षा बऱ्या म्हटल्या गेल्या असं त्याला वाटलं, पण ते लॉकरच्या पत्र्यामुळेही असेल.

भोंगा झाला. त्याने ऋतिकला लिहिलं: 'येतो. एका दमात जमणार नाही आता. दोन लागतील.' ते गेलं. खाली तेजलचं नाव होतं, तिच्या नावापुढे त्याने अंगठा धरला आणि मग काढून घेतला. ते लिहून पाठवण्यासारखं नव्हतं, घरी जाऊन, ती दुसरीकडे बघत असताना, तोंडाने सांगावं लागणार होतं. त्याला किती दम लागतील याचा त्याला अंदाज नव्हता. मोबाईल आत टाकून त्याने लॉकर लावला आणि हातमोजे चढवत मशीनकडे निघाला. आधी डावा, मग उजवा, एकेक बोट नीट आत बसलंय ना ते बघत.